दुसरी चौकट

रेवतीने पेनाचं टोक वरच्या चौकटीवर टेकवलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "इथे खूण करते हं, मावशी."

"तिथे नको," मी म्हणाले. "खालच्या चौकटीत कर."

पेन जागच्या जागी थांबलं. ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावात, आमच्या स्वयंपाकघरातल्या गोल टेबलाशी आम्ही तिघं बसलो होतो. फेब्रुवारीचे दिवस होते. अंगणातला बर्फ दगडासारखा झाला होता आणि शेगडीवर कुळथाचं पिठलं रटरटत होतं. टेबलावर होता माझा अमेरिकेच्या नागरिकत्वाचा अर्ज. तो भरायला रेवती मुद्दाम क्लीव्हलंडहून रजा टाकून आली होती. रेवती म्हणजे माझ्या नवऱ्याची मुलगी, त्यांच्या पहिल्या बायकोची, मंदाताईंची. मी या घरात आले तेव्हा ती चांगली तिशीला टेकलेली होती, त्यामुळे मला आई म्हणायचं की काय हा प्रश्न तिलाही पडला नाही आणि मलाही नाही. मावशी म्हणायची, आणि ते मला आवडायचं.

तिने पेन खाली ठेवलं आणि मला समजावून सांगायला घेतलं. नागरिकत्व मागायला दोन वाटा होत्या. पहिली अशी की पाच वर्षं या देशात रीतसर राहिलात तर आपल्या आपण मागायचं. नवरा कोण, कुठला, काय करतो, कुणी फारसं खोदून विचारत नाही. दुसरी अशी की नवरा इथला नागरिक असेल आणि तीन वर्षं त्याच्याबरोबर संसार केला असेल, तर त्याची बायको म्हणून मागायचं. माझी तीन वर्षं भरली तेव्हा मी मागितलंच नव्हतं. आपला पासपोर्ट टाकायचा म्हणजे माहेरची पैठणी बोहारणीच्या हवाली करण्यासारखं वाटायचं मला. आता मार्चमध्ये पाच पुरी होत होती, म्हणजे पहिली वाट मोकळी झालेली. तिला कागद चारच लागत. दुसरीला ह्यांचे सगळे कागद, लग्नाचा दाखला, दोघांच्या नावची खाती, दोघांचे फोटो, शेजाऱ्यांची पत्रं.

"आणि आईचा मृत्यूचा दाखला," रेवती म्हणाली. "बाबांचं पहिलं लग्न संपलं होतं, याचा पुरावा."

'संपलं' हा शब्द बोलून झाल्यावर तो तिचा तिलाच टोचला. तिने अर्जाची पानं उगीच सारखी केली.

हे पलीकडे वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे पान उलटत नव्हते. रेवतीने त्यांच्याकडे बघितलं. "बाबा, तुम्ही तरी सांगा."

"त्यांचा अर्ज आहे," हे म्हणाले. "त्यांचं त्यांना ठरवू दे."

हे मला पहिल्या दिवसापासून तुम्ही म्हणत. साठाव्या वर्षी लग्न केलेल्या माणसाने एकोणपन्नास वर्षांच्या बायकोला एकदम अगंतुगं करायचं म्हणजे त्यांनाही अवघडच होतं, आणि मी शाळेतली बाई, मला तुम्ही ऐकायची सवय. पण मला हे नागरिकत्व घ्यायला लावलं होतं ह्यांनीच. ह्यांच्या हृदयातली एक झडप कुचकामी होत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर्ष संपायच्या आत बदलावी लागेल. त्या दिवशी दवाखान्यातून येताना गाडीत मला म्हणाले होते, माझ्या माघारी तुमच्याकडे पक्कं काहीतरी असू द्या. मी हो म्हटलं. त्यावर वाद घालण्यासारखा चेहरा नव्हता त्यांचा.

मी उठून पिठलं ढवळायला गेले तशी रेवती मागोमाग आली. ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तिने सिंकचा नळ सोडला.

"मावशी, तुम्हाला कळत नाहीये. बायको म्हणून अर्ज केला तर शपथ होईपर्यंत बाबा असायला लागतात. मध्येच काही झालं तर अर्ज पडतो. मग पुन्हा पहिल्यापासून. ज्याच्यासाठी हे करतोय तेच राहील."

"मग असतील ते," मी म्हणाले.

"पण का? दारात रस्ता असताना कुंपणावरून उडी कशाला?"

मी पिठल्यात कोथिंबीर घातली. रेवतीने टेबलाशी जाऊन खालच्या चौकटीत खूण केली. पेन इतकं दाबलं की पुढच्या पानावर वळ उठला. जेवायला मात्र थांबली. माझ्या हातच्या पिठल्याशी तिचं कधी भांडण नव्हतं.

आता माझं थोडं सांगते. मी सांगलीची, मुलींच्या शाळेत शिवण शिकवायचे. वडील अंथरुणाला खिळलेले, मग आई, मधे धाकट्या भावाचं शिक्षण, असं करता करता माझं लग्नाचं वय निघून गेलं आणि नंतर ते निघून गेल्याचं बोलायचंही लोकांनी सोडून दिलं. पण गावात कुणाचंही लग्न माझ्यावाचून अडायचं. नवरीचे ब्लाउज मी शिवायचे, आणि उखाणे मी करून द्यायचे. मुली चिठ्ठीवर नवऱ्याचं नाव लिहून आणत आणि लाजत माझ्यापुढे ठेवत. मी मशीन चालवता चालवता ते नाव ओळीत बसवून द्यायचे. चांदीचं ताट आणि रुप्याची वाटी मी कधी कुणाला दिली नाही; ज्या मुलीला जे शोभेल तेच. माझ्या उखाण्यांवर मांडव हसलेले मी पाहिलेत. मुली मला गमतीने म्हणत, बाई, तुमचा उखाणा कधी? मी म्हणे, नाव मिळू दे, मग बघा.

नाव मिळालं ते ह्यांच्या बहिणीमुळे. अक्का आमच्याच आळीत राहायच्या. भाऊ अमेरिकेत, बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी दुसऱ्या गावी. त्याला सोबत हवी. ह्यांनी मला आधी सरळ सांगितलं, मला फार बोलता येत नाही, घरात मंदाच्या वस्तू आहेत, त्या तशाच राहतील. मी म्हटलं, राहू देत. रजिस्ट्रारच्या कचेरीत सह्या केल्या, अक्कांनी पेढे वाटले आणि आम्ही घरी येऊन वरणभात जेवलो. गृहप्रवेशाला दार अडवायला कुणी नव्हतं. इतक्या वयाच्या नवरीची चेष्टा करायची तरी कुणी? कुणीसुद्धा मला म्हटलं नाही की नाव घ्या. मी मनात म्हटलं, असू दे, पुढे कधीतरी म्हणतील.

पहिल्याच संक्रांतीला इथे कुसुमताई नाडकर्ण्यांकडे हळदीकुंकू होतं. अ‍ॅक्रनमधल्या साऱ्या मराठी बायका त्यांच्या तळघरातल्या मोठ्या खोलीत गोल बसलेल्या, बर्फातसुद्धा काळ्या चंद्रकळा नेसून. नाव घ्यायची पाळी एकेकीकडून फिरत माझ्याकडे येत होती. मी कितीतरी दिवस घोटून उखाणा तयार ठेवला होता. पाळी माझ्यापाशी आली आणि कुसुमताईंनी माझ्या हातावर हात ठेवून म्हटलं, "शरयूताईंना आग्रह नको हं. त्यांना उगीच अवघडल्यासारखं होईल." आणि पाळी पुढच्या बाईकडे गेली.

कुसुमताई मनाने वाईट नव्हत्या. त्या खोलीत वीस वर्षं मंदाताईंनी त्याच नवऱ्याचं नाव घेतलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. माझ्या तोंडून ते ऐकायला त्यांना जड गेलं असतं, आणि त्यांना वाटलं मलाही जड जाईल. मी वाण घेतलं, तिळगूळ घेतला. घरी येऊन भांडी घासायला लागले. पुढच्या वर्षी तेच झालं, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. एकदा वळण पडलं की पाणी तिथूनच वाहतं. नवऱ्याला नावाने हाक मारायची आमच्या घरात पद्धत नव्हती, आणि हळदीकुंकवात कुणी विचारत नव्हतं. इंग्रजी बोलताना मी माझे यजमान म्हणून भागवायचे. त्यामुळे गंमत अशी की ज्या माणसाच्या घरात मी पाच वर्षं नांदले, त्याचं नाव माझ्या तोंडून एकदाही कुणासमोर निघालं नव्हतं.

अर्ज गेला. उन्हाळ्यात पत्र आलं की ऑक्टोबरात मुलाखत, येताना पुरावे आणा. पुरावे म्हटल्यावर आमची तारांबळ उडाली. घर ह्यांच्या आणि रेवतीच्या नावावर, तेही मंदाताई गेल्यावर केलेलं. बँकेतलं खातं ह्यांचं वेगळं, माझं वेगळं. माझ्या पैशाला मी कुणाला हात लावू द्यायचे नाही, शिक्षिकेची सवय. रेवती एका शनिवारी येऊन फोटोंची खोकी उपसत बसली. ह्यांना फोटोंचा नाद. खोकीच्या खोकी भरलेली. मी फावड्याने बर्फ उपसताना. मी परसात मेथीच्या वाफ्याशी. मी मशीनवर वाकलेली. मी चिडलेली, कारण फोटो काढताहेत हे उशिरा लक्षात आलेलं.

"एकही नाही दोघांचा," रेवती म्हणाली. "एकसुद्धा नाही, मावशी. हा काय संसार म्हणून दाखवायचा त्यांना?"

मग तिने तळातलं एक जुनं खोकं ओढलं. त्यात मंदाताई होत्या. मंदाताई तलावाकाठी, मंदाताई रेवतीला कडेवर घेऊन, मंदाताई पापड लाटताना आणि चिडलेल्या. रेवती एकेक फोटो बघत गेली. तिचे हात सावकाश व्हायला लागले.

"आईबरोबर पण नाहीत बाबा," ती म्हणाली. "कशातच नाहीत."

मी तिच्याशेजारी खाली बसले. पापडाचा फोटो मी हातात घेतला आणि म्हटलं, ह्या बाईला उडदाचा पापड लाटता येत होता हे बघूनच कळतंय, लाटण्यावर पकड बघ. रेवती हसली आणि लगेच तिचे डोळे भरून आले. तिने आईबद्दल मला बरंच काही सांगितलं त्या दुपारी. जाताना पर्समधून एक घडी घातलेला कागद काढून तिने माझ्या पुराव्यांच्या जाड पाकिटात ठेवला. मंदाताईंचा दाखला होता तो. केव्हापासून बरोबर घेऊन फिरत होती कोण जाणे. मी पाकीट बंद केलं. तिने विचारलं नाही की तुम्हाला हा का हवा आहे. विचारलं असतं तर त्या दिवशी मी सांगितलंही असतं.

सप्टेंबरात मात्र भडका उडाला. ह्यांना जिना चढताना धाप लागायला लागली होती. दवाखान्यातून ऑपरेशनची तारीख मिळाली होती ती सप्टेंबरचीच, हे मला ठाऊकच नव्हतं. दवाखान्यातल्या बाईने काहीतरी विचारायला घरी फोन केला, तो नेमका घरी आलेल्या रेवतीने उचलला, आणि तिला कळलं की बाबांनी तारीख आपणहून महिनाभर पुढे ढकलली आहे. डॉक्टरांनी नाराजीनेच मान्य केलं होतं. ह्यांनी त्यांना कारण दिलं होतं की घरात लग्नकार्य आहे.

"कुणाचं लग्नकार्य?" रेवतीचा आवाज चढला. "बाबा, कुणाचं?"

हे सफरचंद चिरत होते. पातळ पातळ फोडी करायची त्यांची सवय. म्हणाले, "आहे एक."

रेवती माझ्याकडे वळली. तिचं म्हणणं सगळं खरं होतं, म्हणून ऐकायला जास्त वाईट वाटत होतं. हे ऑपरेशनला गेले आणि टेबलावर काही झालं तर माझा अर्ज मेला, म्हणून ह्यांनी ऑपरेशन मुलाखतीनंतर ठेवलं. म्हणजे माझ्या एका खुणेपायी माणूस बंद पडत चाललेलं हृदय घेऊन जिने चढत होता. रेवती म्हणाली की अजून वेळ गेलेली नाही, कळवलं तर चौकट बदलून मिळते. तिने चौकशीही केली होती. रडली ती. मी तिला पाणी दिलं, ती गेली, आणि मी ह्यांच्यासमोर येऊन बसले.

"मी बदलते," मी म्हणाले. "उद्याच कळवते. तुम्ही आधीची तारीख परत मागून घ्या."

"तुम्ही चौकट बदललीत तर मी तारीख आणखी पुढे नेईन," हे म्हणाले.

मी त्यांना म्हटलं की हा शुद्ध हट्ट आहे, म्हातारचळ आहे, आणि तुमच्या मुलीपुढे मी कोणत्या तोंडाने उभी राहू. ह्यांनी फोडींची ताटली माझ्याकडे सरकवली.

"कार्य आहे म्हटलं ना मी," ते म्हणाले. "कार्य झाल्याशिवाय यजमानाने घर सोडू नये."

यापुढे ते बोलणार नाहीत हे मला माहीत होतं. मी फोडी खाल्ल्या. तोंडाला चव नव्हती, पण खाल्ल्या.

मुलाखतीच्या दिवशी रेवती गाडी चालवायला आली. ह्यांना चालवायची मनाई होती. क्लीव्हलंडच्या त्या इमारतीत लांबलचक दालन, खुर्च्या, आणि जगातल्या झाडून सगळ्या देशांतली माणसं आपापली ठेवणीतली वस्त्रं घालून. मी हिरवी नऊवारी नेसणार होते, पण शेवटी सहावारी नेसले. हे भिंतीला पाठ लावून बसले, ओठ पांढरे पडलेले. माझा पुकारा झाला तशी मी आत गेले.

साहेब पांढऱ्या मिशांचा होता, वयाने माझ्यापेक्षा थोडा मोठा. त्याने मला राज्यघटनेचे प्रश्न विचारले, एक वाक्य लिहून घेतलं. ती परीक्षा मला पाण्यासारखी सोपी गेली. जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्या होत्या. मग त्याने पुराव्यांचं पाकीट उघडलं आणि तिथे गाडी अडली. घरावर माझं नाव नाही. खातं वेगळं. फोटो चाळून म्हणाला, यात सगळीकडे तुम्ही एकट्याच.

"फोटो त्यांनी काढलेत," मी म्हणाले.

त्याने चष्मा काढला. म्हणाला, बाई, मी तुम्हाला अडवायला बसलेलो नाही. तुम्हाला पाच वर्षं होऊन गेली आहेत. ही खूण खोडा, वरच्या चौकटीत करा, बाजूला सही करा. मी आत्ताच्या आत्ता मंजूर करतो, दुपारी शपथविधी आहे, त्यातही बसवतो. याच चौकटीवर राहिलात तर मला आणखी कागद मागवावे लागतील आणि त्यात काही महिने जातील. आणि त्याने त्याचं पेन माझ्यापुढे ठेवलं.

महिने माझ्याकडे नव्हते. बाहेर ह्यांचे पांढरे ओठ मला दिसत होते. ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात होतं, आणि आणखी महिने लागणार म्हटल्यावर हा हट्टी माणूस तेही ढकलेल, याची मला खात्री होती. मी पेन उचललं. हट्ट म्हणून हट्ट किती करायचा, जिवापेक्षा जास्त काय आहे, असं मनाशी म्हणत मी टोक कागदावर टेकवलं.

"पण एक सांगा," तो म्हणाला. "हाताशी सोपी वाट होती. मुळात ही का निवडलीत?"

खरं बोलण्याची शपथ आधीच घेऊन झाली होती. मी म्हणाले की आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव सहसा घेत नाही. फक्त कार्य असलं, सण असला, म्हणजे बायका गोळा होतात आणि तिला म्हणतात, नाव घे. मग ती घेते, कवितेत घालून घेते, आणि ज्या दिवशी ती चारजणींत नाव घेते त्या दिवशी ती त्याची बायको असते. मी गावातल्या कितीतरी मुलींना अशा कविता करून दिल्या. मला कुणी विचारलं नाही, लग्नात नाही आणि इथे आल्यावरही नाही. या चौकटीत खूण केली तर सरकारचा माणूस समोर बसवून विचारील की तुझा नवरा कोण, असं रेवती सांगत होती. वरच्या चौकटीत कुणी खोदून विचारत नाही.

एवढं सगळं बोलून गेले. मला स्वतःचा राग आला. पन्नाशी उलटलेली बाई, आणि काय सांगत बसले होते मी परक्या साहेबाला.

त्याने हात पुढे करून माझ्याकडून पेन काढून घेतलं. खुर्चीत सरळ बसला. म्हणाला, "मी विचारतो आहे. तुमच्या नवऱ्याचं पूर्ण नाव काय?"

"भालचंद्र गजानन निगुडकर," मी म्हणाले.

नुसतं, कवितेशिवाय. पण मोठ्याने. कपाटावर आपटून ते परत माझ्या कानावर आलं, आणि मला ते नाव फार छान वाटलं.

त्याने ह्यांना आत बोलावलं. ह्यांना काही कल्पना नव्हती आत काय झालंय याची. साहेबाने विचारलं, फोटोंत तुम्ही का नाही? हे म्हणाले, कॅमेरा माझा आहे आणि मी कसा दिसतो ते मला माहीत आहे. मग त्याने विचारलं, तुमच्या बायकोबद्दल असं काहीतरी सांगा जे या कागदांत नाही. मला वाटलं, संपलं. हे कसले बोलतात.

हे हाताकडे बघत म्हणाले, "ती भांडी घासताना कविता करते. माझं नाव घालून. मला ऐकू येऊ नये म्हणून नळ मोठा सोडते. पाच वर्षं पाण्याचं बिल दुप्पट येतंय."

साहेब हसला नाही. त्याने खाली बघून शिक्का मारला, खालच्या चौकटीच्या पानावर. मी खाली बघत होते. मला कुणाकडेच बघवत नव्हतं.

दुपारी शंभरएक माणसांबरोबर उजवा हात वर करून मी शपथ घेतली. हे मागच्या रांगेत बसून फोटो काढत होते, आणि पहिल्यांदाच रेवतीने त्यांच्या हातून कॅमेरा काढून घेतला आणि आम्हा दोघांना झेंड्यापाशी उभं केलं. तो फोटो आता माझ्या मशीनसमोरच्या भिंतीवर आहे. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात झालं, चांगलं झालं, आणि ती नवी झडप पुढे अकरा वर्षं कुरकुर न करता चालली. नंतर एका बर्फाळ थंडीत हे गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली; दर थंडीत ते मला मागच्याच वर्षीचं वाटतं इतकंच. पण त्या दिवशीचं अजून एक राहिलंय.

आम्ही परत निघालो होतो. रेवती गाडी चालवत होती, मी तिच्याशेजारी, हे मागे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं लालभडक झाली होती. मग हे मागून म्हणाले, "पहिल्या वर्षी नाडकर्ण्यांकडे मी तुमची शाल घेऊन आलो होतो. गाडीत राहिली होती तुमची. जिन्यात उभा होतो, पाळी तुमच्याकडे यायची वाट बघत. मला ऐकायचं होतं."

मी मागे वळून बघितलं नाही. माझ्याने बघवलं नसतं.

"आत येऊन म्हणायला हवं होतं मी," ते म्हणाले. "बायकांच्यात कसं जायचं म्हणून राहिलो. मग राहूनच गेलं. फेब्रुवारीत तुम्ही ती खूण करायला लावलीत तेव्हा समजलं मला."

रेवती समोर बघत गाडी चालवत होती. तिला हे काहीच माहीत नव्हतं. हळदीकुंकवाचं नाव निघाल्यावर तिचे हात स्टीअरिंगवर घट्ट झाले एवढं मला दिसलं. लहानपणी ती त्याच खोलीत आईच्या मांडीला टेकून बसायची, तिनेच सांगितलं होतं मला.

"इथे नळ नाही," हे म्हणाले. "घ्या आता."

मी पदर सावरला. गाडीत पदर सावरायचं काही कारण नव्हतं. सकाळपासून डोक्यात फिरत होता तो उखाणा मी घेतला.

"दोन वाटा होत्या पुढ्यात, सोपी सोडून अवघड धरली,
भालचंद्ररावांचं नाव घेतलं, परदेशात ओटी भरली."

मागे ह्यांनी चष्मा काढला असावा, पुसायचा रुमाल ते नेहमी उजव्या खिशात ठेवत. मला एकदम धास्ती वाटली ती रेवतीची. ज्या नावावर तिच्या आईचा हक्क होता ते नाव मी तिच्या शेजारी बसून घेतलं होतं, आणि ती गप्प होती.

पुढच्या वळणाला तिने गाडी हळू केली.

"मावशी," ती म्हणाली, "शेजारून ट्रक गेला, मला नाव नीट ऐकू आलं नाही. पुन्हा एकदा घ्या."

ट्रक काही गेला नव्हता. मी पुन्हा घेतलं, आणि या खेपेला सावकाश घेतलं.